सही कुणी करायची?

चौतीस वर्षे बँकेत काढली. त्यातली बहुतेक भंडारा जिल्ह्यातच गेली. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी अशा बदल्या होत राहिल्या आणि दर ठिकाणी माणसं ओळखायच्या आधी त्यांच्या सह्या ओळखीच्या होत गेल्या. बँकेत एक नियम आहे, वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. खातेदार आजारी असेल, सही करण्याच्या अवस्थेत नसेल, तर त्याचा अंगठा चालतो. हाताचा उमटत नसेल तर पायाचाही चालतो. मात्र दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस हवा.

१९९४ च्या पावसाळ्यात तो जबाबदार माणूस मी होतो. एका निवृत्त शिक्षकांची मुदत ठेव मोडायची होती. मुलं त्यांना नागपूरला हलवण्याच्या तयारीत होती, बाहेर गाडी उभी होती. मी शाईचा डबा आणि फॉर्म घेऊन दवाखान्यात गेलो. दोन्ही हातांना सलाइन, पट्ट्या, सूज. शेवटी पायाचा अंगठा घ्यायचं ठरलं. मी शाई लावत असताना गुरुजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटले. तो होकार होता, की नकार, की नुसता थकवा, ते मला कळलं नाही. पण फॉर्मवर 'माझ्या समक्ष' असं लिहून मी खाली सही केली. अकराव्या दिवशी ते नागपुरात गेले. पुढे वारसाचा दावा माझ्याच टेबलावर आला. खात्यात तीनशे चाळीस रुपये शिल्लक होते.

मुलांना मी कधीच दोष दिला नाही. बापाला वाचवायला जो मुलगा ठेव मोडतो तो वाईट कसा? पण गुरुजींचा तो 'किती?' माझ्या डोक्यात राहिला. ते फक्त रुपयांबद्दल विचारत होते असं मला आता वाटत नाही.

हे सगळं आठवण्याचं कारण माझी आत्याबाई.

लाखनी तालुक्यातल्या एका गावात, मामा तलावाच्या पाळीखाली आमचं घर. मी चार वर्षांचा असताना आई गेली आणि आत्याबाईनं मला तिच्या दोन मुलांबरोबर वाढवलं. थोरला भाऊ गावात धानाची शेती करतो. धाकटा पुण्याला कारखान्यात लागला आणि तिथलाच झाला. मी मधला. घरात कागद वाचता येणारा माणूस म्हणून कुठलाही कागद आला की माझ्याकडे यायचा. सातबारा, सोसायटीची नोटीस, विम्याचा हप्ता. पुढे दवाखान्याचे कागदही त्याच वाटेनं आले.

२०१५ च्या डिसेंबरात आत्याबाई खळ्याजवळ पडली. वय चौऱ्याऐंशी. मांडीच्या वरचं, खुब्याचं हाड मोडलं. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव ओसरीवर गोळा झालं आणि सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं. या वयात ऑपरेशन कशाला? झोपवून ठेवा, सेवा करा, देवाची मर्जी. कुणी हाड बसवणाऱ्याचं नाव सुचवलं. खुद्द आत्याबाई कण्हत म्हणत होती, "मरू द्या मले. बस झाला आता." म्हणजे पेशंटची इच्छाही स्पष्ट होती! मलाही वाटू लागलं की तिचं ऐकावं. त्यात थोडी सोयही होती, हे आज कबूल करतो.

भंडाऱ्यातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. ते म्हणाले, "तुम्हाला वाटतं ऑपरेशन केलं नाही की त्या शांतपणे जातील. तसं होत नाही. खुबा मोडलेलं म्हातारं माणूस पडून राहिलं की कूस बदलताना किंचाळतं. पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. जातात, पण दुखण्यात जातात. हे ऑपरेशन आयुष्य वाढवण्यासाठी नाही, त्यांना उठून बसता यावं म्हणून आहे." त्यांनी आधी दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं. सकाळी, ती जरा निवांत असताना, तेच पुन्हा तिच्याशी बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सांदवाडीत माज्या पायानं जाईन का जी?" संडास घराच्या मागे सांदवाडीत होता. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक जाल, काठी लागेल." ती म्हणाली, "मंग करा."

त्या वर्षीचे धान आणि माझ्या ठेवीचा एक तुकडा यात ते झालं. दीड महिन्यात ती वॉकर घेऊन अंगणात आली. चार वर्षं जगली, आणि नुसती जगली नाही. नातसुनेला भाजीतलं मीठ सांगितलं, मंडईला दंडार बघायला खुर्ची टाकून बसली, माझी एक कादंबरी नातवाकडून वाचून घेतली आणि "यात आमच्या गावाची बदनामी हाये" असा शेरा मारला. आदल्या रात्री मरू द्या म्हणणारी बाई ती हीच.

ही गोष्ट सांगतो ती अशासाठी की म्हाताऱ्या माणसाचे उपचार म्हटले की आपल्याकडे दोनच बाजू मांडल्या जातात. एक म्हणते वय झालं, आता सोडा. दुसरी म्हणते काहीही झालं तरी करा. दोन्हींमध्ये माणसाकडे बघावं लागत नाही, ही त्यांची सोय. पूर्वी तर निर्णय घ्यायची वेळच येत नसे. पैसे नाहीत म्हटलं की विषय संपायचा, आणि आपण कमी पडलो हे दुःख दारिद्र्याच्या खात्यावर टाकता यायचं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळालं. फार चांगलं झालं. पण त्यामुळे पैसे नव्हते हे कारणही अनेक घरांच्या हातून गेलं. आता खरंच ठरवावं लागणार आहे.

आमच्यावर ती वेळ २०१९ च्या डिसेंबरात आली. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. आत्याबाईला पहाटे लकवा मारला. बोलणं बंद, उजवी बाजू गेलेली, दुपारपर्यंत शुद्धही गेली. भंडाऱ्याहून नागपूरला नेलं. थोरला भाऊ गावी पैशाची जुळवाजुळव करत होता, धाकटा पुण्याहून निघाला होता. अतिदक्षता विभागाच्या दाराशी मी एकटा. रात्री दोनच्या सुमारास एक तरुण डॉक्टर कागद घेऊन बाहेर आला. "काका, श्वास कमी होतोय. नळी टाकून मशीनवर घ्यावं लागेल. लवकर सांगा." त्याचीही चूक नव्हती, आत त्याला वेळ नव्हता. चौतीस वर्षांत एकही कागद न वाचता मी सही केली नव्हती. आयुष्यातली सर्वांत मोठी सही मी न वाचता केली. फॉर्मवर 'नातं' असा रकाना होता. त्यात मी 'मुलगा' लिहिलं.

त्या मशीनवर ती नऊ दिवस होती.

सहाव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावलं. मेंदूतला रक्तस्राव मोठा आहे, त्या शुद्धीवर येतील असं वाटत नाही. मशीन काढलं तर श्वास राहणार नाही. "तुम्ही ठरवा," म्हणाले. थोरला म्हणाला, घरी नेऊ. तिनं मागे स्वतःच सांगितलं होतं, शेजारची म्हातारी नळ्या लावून गेली तेव्हा, की मला असं करू नका. धाकटा उसळला. "मागच्या वेळीही ती मरू द्या म्हणत होती. तेव्हा ऐकलं असतं तर चार वर्षं मिळाली असती का?" यावर थोरल्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. तिघे भाऊ दवाखान्याच्या कँटीनमध्ये समोरासमोर बसून गार झालेला चहा बघत होतो.

उत्तर मला फार नंतर सुचलं. २०१५ साली तिचं दुखणं थांबवून तिला पुन्हा विचारता आलं होतं. २०१९ साली पुन्हा विचारायला समोर कुणी नव्हतं. तिचं ओसरीवर बोललेलं वाक्य हीच तिची शेवटची सही होती आणि आम्ही ती जुळत नाही म्हणून परत करत होतो. अर्थात धाकट्याच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. जो लांब राहतो त्याला आईसाठी काहीतरी करायचं राहून गेलेलं असतं, आणि ते सगळं त्याला त्या चार दिवसांत करायचं असतं.

माझ्या पिढीच्या वैदर्भीय माणसाला या ठिकाणी पवनार आठवल्याशिवाय राहत नाही. नोव्हेंबर १९८२. मी चोवीस वर्षांचा, पदवी घेऊन नोकरीच्या परीक्षा देत नागपुरात खोली करून राहत होतो. धाम नदीकाठच्या आश्रमात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. वय सत्त्याऐंशी. त्यातून थोडं सावरल्यावर त्यांनी अन्न, पाणी, औषध तिन्ही बंद केलं. डॉक्टरांनी विनवलं, देशाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी येऊन गेल्या. विनोबा बदलले नाहीत. १५ नोव्हेंबरला गेले. आमच्या खोलीवर त्यावर रात्ररात्र वाद झाले. ही आत्महत्या की प्रायोपवेशन? १९६६ मध्ये सावरकरांनीही अन्नौषध सोडून देह ठेवला होता, त्याचा दाखला निघे. तेव्हा आम्हाला तो धर्माचा किंवा कायद्याचा प्रश्न वाटत होता. आज वाटतं, विनोबांच्या बाबतीत एक गोष्ट फार सोपी होती. ठरवणारा माणूस आणि खाटेवरचा माणूस एकच होता, शुद्धीवर होता, आणि भोवतालच्यांनी त्याचं ऐकलं. आमची आत्याबाई विनोबा नव्हती. तिच्या वतीनं तीन गोंधळलेले भाऊ होते.

दुसऱ्या टोकाला अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिच्यावर तिथेच पाशवी हल्ला झाला आणि पुढची बेचाळीस वर्षं ती त्याच रुग्णालयात एका खाटेवर होती. तिचं अन्न थांबवू द्यावं असा अर्ज पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात केला. ७ मार्च २०११ च्या निकालानं काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं, जगवणारे उपचार थांबवायला देशात प्रथमच वाट दिली. पण अरुणाच्या बाबतीत अर्ज नाकारला. का नाकारला, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. न्यायालयानं पाहिलं की तिला इतकी वर्षं भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या, कूस बदलणाऱ्या केईएमच्या परिचारिका आणि कर्मचारी आहेत, आणि त्यांना ती जगायला हवी आहे. तिची खरी जवळची माणसं तीच, बोलण्याचा अधिकार त्यांचा. मे २०१५ मध्ये न्यूमोनियानं अरुणा गेली, तोवर त्यांनी तिला सांभाळलं. निकाल पटो न पटो, न्यायालयानं विचारलेला प्रश्न अचूक होता. हिची सेवा कोण करतं?

आम्ही तो प्रश्न विचारला नव्हता.

९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, कायद्याची मान्यता दिली. पण प्रक्रिया अशी होती की रुग्णालयाचं मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं मंडळ, मग न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन रुग्णाला पाहायचं. आमच्या डॉक्टरांना हे माहीत होतं, म्हणूनच ते त्या वाटेला जायला घाबरत होते. मग नेहमीची वाट निघाली. आम्हाला एक छापील फॉर्म दिला. 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णास घरी नेत आहोत.' घरी न्या असं ज्यांनी हळू आवाजात सुचवलं, त्यांच्याच सल्ल्याविरुद्ध! बँकेतही आम्ही असे कागद करत असू, तेव्हा हसायचं नाही असं ठरवलं. या वेळी मी फॉर्म पूर्ण वाचला. धाकट्यानं सही केली. तो इतका वेळ कशाला लावत होता ते मी विचारलं नाही.

नागपूर ते आमचं गाव ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. नळी तशीच होती, तिला रबरी फुगा जोडलेला, ज्याला अंबू बॅग म्हणतात. गाडीतला मुलगा तो दाबत होता. दाबला की छाती वर येई, सोडला की खाली. भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल ओलांडताना थोरल्यानं खिडकीतून हात जोडले. विदर्भातल्या किती घरांनी असा प्रवास केला असेल! अंगणात शेवटचा श्वास सुटावा म्हणून रबरी फुग्यावर श्वास आणायचा. ती वाटेतच गेली होती की नाही, मला माहीत नाही. कुणी विचारलं नाही.

अंगणात बाज टाकलेली होती. तुळशीपत्र, पाणी झालं. फुगा दाबणारा मुलगा घामाघूम. शेवटी तो हळूच म्हणाला, "साहेब, मला गाडी परत न्यायची आहे." थोरल्यानं माझ्याकडे बघितलं, धाकट्यानं माझ्याकडे, मी जमिनीकडे. तेव्हा वहिनी पुढे आली. थोरल्या भावाची बायको. चार वर्षं आत्याबाईचं अंथरूण, आंघोळ, औषध तिनं केलं होतं. वॉकरच्या मागे मागे सांदवाडीपर्यंत ती जायची. नागपूरच्या नऊ दिवसांत आम्ही तिला फोनवर फक्त 'कसं आहे ते' सांगत होतो. तिनं आत्याबाईच्या कपाळावरून हात फिरवला आणि त्या मुलाला म्हणाली, "थांबवा बाबू."

पुढे कितीतरी दिवस मी तिला टाळत होतो. एकदा धीर करून विचारलं, नागपूरला नेल्यावर तुला काय वाटत होतं? म्हणाली, "तोंड कोरडं पडलं असंल त्याईचं, एवढंच वाटे. कापूस ओला करून लावत असतील का कोनी?" आम्ही नऊ दिवस टक्केवारी विचारत होतो. तोंडाचं कुणालाच सुचलं नव्हतं.

उपचार थांबवणं म्हणजे काहीच न करणं नव्हे, हे आपल्याकडे अजून रुजलेलं नाही. दुखणं, दम लागणं, घशातली घरघर, कोरडं तोंड, पाठीच्या जखमा या प्रत्येकावर इलाज असतो. त्याला परिहारक उपचार म्हणतात. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन निघालं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केलं आणि पुढे केरळात शेजारीपाजारीच रुग्णाच्या घरी जाऊ लागले. मॉर्फिन या स्वस्त वेदनाशामकाभोवतीचं परवान्यांचं जंगल २०१४ च्या कायदादुरुस्तीनं बरंच विरळ झालं. रुग्णाला घरी आणायचं असेल तर दवाखाना सोडण्यापूर्वी डॉक्टरांना धरून बसा आणि विचारा: दुखलं तर काय द्यायचं, दम लागला तर काय, रात्री फोन कुणाला करायचा. आम्ही ते विचारलं नाही, घाईघाईनं गाडी सांगितली.

आणि मशीनचं. मशीन वाईट नाही, न्यूमोनियातून उठून घरी चालत आलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पण कर्जाला मुदत असते तशी नळीलाही मुदत घालून घ्यावी. सही करतानाच डॉक्टरांना सांगावं की तीन दिवस बघू, चौथ्या दिवशी सगळे बसू. 'वाचेल का?' एवढंच विचारून भागत नाही. 'वाचली तर कशी असेल?' हेही विचारावं. त्या रात्री दोन वाजता मला हे कुणी शिकवलेलं असतं तर!

२४ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रक्रिया सोपी केली. आता इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. डॉक्टरांची दोन मंडळं असतात, पण त्यांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. दुसऱ्या मंडळावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर असतो, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवलं की पुरतं. मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतर राज्य सरकारनं ही इच्छापत्रं जपून ठेवायला स्थानिक संस्थांमधून अधिकारी नेमले. इंजेक्शन देऊन मारणं हा मात्र आजही गुन्हाच आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

मी माझा कागद लिहायला घेतला त्याला आता वर्ष झालं. मजकूर जमला आहे. मला काय नको आहे, कुठवर हवं आहे, सगळं कलमवार. बँकेची सवय! अडलो तो एका रकान्यावर. मी बेशुद्ध असेन तेव्हा माझ्या वतीनं बोलणाऱ्यांची नावं लिहायची आहेत, एकापेक्षा अधिक. पहिलं नाव पत्नीचं. दुसरं मुलाचं लिहिलं आणि खोडलं. तो हैदराबादला असतो, आणि लांब असलेल्या मुलाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. सुनेचं लिहावं का, असं पत्नीनं सुचवलं. सुनेला विचारलं तर ती रडायला लागली, आणि मुलानं दोन दिवस फोन घेतला नाही.

गेल्या दिवाळीत तो कागद घेऊन गावी गेलो. वहिनी आता सत्तरीला आली आहे, गुडघे धरले आहेत. मी तिला सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, दुसरं नाव तुझं लिहू का? ती बराच वेळ सुपातल्या तांदळातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "लिवा भाऊजी. पन मले पयले नीट सांगा, तुमाले का का नोको हाये." मी वाचून दाखवू लागलो. तिसऱ्या कलमाशी तिनं मला थांबवलं आणि आत जाऊन नातवाची एक वही आणि पेन घेऊन आली. "आता माजाबी लिवा," म्हणाली, "आन् खाली अंगठा नोको, मी सही करतो."